अंगावर वर्दी, खिशात चिठ्ठी

2024 च्या मार्चमध्ये जयपूरच्या राजस्थान पोलीस अकादमीत एक विचित्र कारवाई झाली. राजस्थान पोलिसांच्याच स्पेशल ऑपरेशन्स ग्रुपने तिथे प्रशिक्षण घेत असलेल्या उपनिरीक्षकांना ताब्यात घेतले. आरोपीला अटक कशी करायची हे ज्यांना शिकवले जात होते, त्यांनाच अटक झाली. त्यांत त्या भरतीत पहिला आलेला उमेदवारही होता. 859 पदांसाठी सप्टेंबर 2021 मध्ये झालेल्या या परीक्षेचा पेपर फुटला होता. कुणी तो आधीच वाचून गेला, कुणी आपल्या जागी दुसऱ्याला बसवले, असे तपासात पुढे आले. अटक झालेल्या प्रशिक्षणार्थींची संख्या पुढे पन्नासच्या वर गेली. राज्य लोकसेवा आयोगाचे एक माजी सदस्यही पकडले गेले. आपल्याच मुलाला आणि मुलीला पेपर पुरवल्याचा त्यांच्यावर आरोप आहे, आणि ती दोघेही उपनिरीक्षकपदाचे प्रशिक्षण घेत होती. 28 ऑगस्ट 2025 रोजी राजस्थान उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने सगळी भरतीच रद्द ठरवली. काही दिवसांत खंडपीठाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

या प्रकरणावर बरेच लिहिले गेले. पेपरफुटीची टोळी, आयोगाची अब्रू, सरकारची टोलवाटोलवी, सगळे झाले. एका प्रश्नाकडे मात्र कुणी फारसे वळले नाही. ही मुले अकादमीत दीर्घकाळ शिकत होती. तिथल्या परीक्षा देत होती. पेपर विकत घेऊन आत आलेला माणूस आतली परीक्षा कशी देत असेल? आणि ज्याने बाहेरची परीक्षा प्रामाणिकपणे दिली, पण आत आल्यावर शेजाऱ्याच्या पेपरात डोकावला, त्याचे काय करायचे? भरतीतल्या कॉपीवर आपल्याकडे कायदे आहेत, तुरुंग आहे, टीव्हीवर चर्चा आहेत. प्रशिक्षण केंद्रातल्या कॉपीबद्दल शांतता आहे. ही शांतता मला जास्त धोक्याची वाटते.

भरतीतल्या कॉपीचा बळी कोण, हे सांगावे लागत नाही. महाराष्ट्रात 2024 च्या पोलीस भरतीत 17 हजार 471 पदांसाठी सतरा लाखांहून जास्त अर्ज आले. एका जागेमागे शंभर जण. बीड-परभणीच्या रस्त्यांवर पहाटे चारला धावणारी पोरे, लातूरच्या अकॅडम्यांत खोली करून राहिलेली पोरे, शेतातले काम उरकून गोळाफेकीचा सराव करणाऱ्या मुली. सोळाशे मीटर काही सेकंदांनी हुकले की वर्ष गेले. पन्नास गुणांचे ग्राऊंड काढून शंभर गुणांच्या लेखीला बसायचे, आणि तिथे शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या कानात कुणीतरी उत्तरे सांगतो आहे. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांच्या लेखी परीक्षेच्या वेळी एका मास्कमध्ये शिवलेले इलेक्ट्रॉनिक उपकरण सापडले. तेव्हा करोनाचा काळ होता, मास्क सक्तीचा होता. सरकारने सक्तीची केलेली वस्तूच कॉपीचे साधन झाली. 2023 च्या मुंबई पोलीस भरतीच्या लेखीतही कानात मावणारी बारीक यंत्रे घेऊन आलेले उमेदवार सापडले आणि गुन्हे दाखल झाले. इथे चोरी सरळ आहे: एकाची जागा दुसऱ्याने नेली.

म्हणून या चोरीवर कायदे झाले. मध्य प्रदेशातल्या व्यापम घोटाळ्यातल्या 2013 च्या पोलीस शिपाई भरतीच्या प्रकरणात भोपाळच्या विशेष न्यायालयाने नोव्हेंबर 2019 मध्ये 31 जणांना दोषी ठरवले. बहुतेकांना सात वर्षांची आणि एकाला दहा वर्षांची शिक्षा झाली. उत्तर प्रदेशात फेब्रुवारी 2024 मध्ये साठ हजारांवर शिपाईपदांची परीक्षा पेपरफुटीमुळे रद्द करून ऑगस्टमध्ये पुन्हा घ्यावी लागली. त्याच वर्षी केंद्राचा सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकार रोखण्याचा कायदा 21 जूनपासून लागू झाला. त्यात तीन ते पाच वर्षे कैद आहे, दहा लाखांपर्यंत दंड आहे, संघटित टोळीसाठी पाच ते दहा वर्षे आणि किमान एक कोटी दंड आहे. हा कायदा पेपर फोडणाऱ्यांवर, यंत्रणेतल्या माणसांवर आणि टोळ्यांवर रोखलेला आहे. कॉपी करणाऱ्या उमेदवाराला तो गुन्हेगार धरत नाही, त्याला परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या नियमांवर सोडतो. विद्यार्थ्याला तुरुंगात घालू नये, हा विचार त्यामागे आहे आणि तो चुकीचा नाही. पण उद्या ज्याच्या हातात दुसऱ्याला तुरुंगात घालायची ताकद द्यायची आहे, तो इतर उमेदवारांसारखाच उमेदवार मानायचा का, याचा विचार त्यात दिसत नाही.

आता आतल्या परीक्षेकडे येऊ. महाराष्ट्रात खंडाळा, नानवीज, तुरची, जालना, अकोला, बाभळगाव अशा ठिकाणी पोलीस प्रशिक्षण केंद्रे आहेत, आणि उपनिरीक्षकांसाठी नाशिकची महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे. प्रशिक्षणाचे दोन भाग: बाह्यवर्ग आणि आंतरवर्ग. बाह्यवर्ग म्हणजे कवायत, शारीरिक कसरत, शस्त्रे, गोळीबार. आंतरवर्ग म्हणजे वर्गात बसून शिकायचे कायदे, पोलिसांची कार्यपद्धती, तपास. बाह्यवर्गात कॉपी करता येत नाही. दोरावर स्वतःलाच चढावे लागते. कॉपी होते ती आंतरवर्गात, आणि तिच्याकडे डोळेझाक होते तिची कारणेही समजण्यासारखी आहेत. इथे कुणाची जागा जात नाही. सगळे निवडून आलेलेच आहेत. सरकारने प्रत्येकावर खर्च केलेला आहे, पोलीस ठाणी मनुष्यबळाची वाट पाहत आहेत, दीक्षांत संचलनाची तारीख ठरलेली आहे आणि पाहुण्यांना निमंत्रणे गेलेली आहेत. अशा वेळी एका पर्यवेक्षकाने एका मुलाच्या उत्तरपत्रिकेखाली चिठ्ठी पाहिली तर तो काय करेल? खांद्यावर थाप मारून चिठ्ठी काढून घेईल. फार तर दुसऱ्या दिवशी मैदानावर रगडा देईल. बाहेर कुणाला कळणार नाही, कारण तक्रार करायला कुणी प्रतिस्पर्धीच नाही.

या कॉपीचा बळी वर्गाबाहेर आहे आणि त्याला आपण बळी असल्याचा पत्ताही नाही. प्रश्नपत्रिकेत असते तरी काय? सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात आरोपीला थेट उचलता येत नाही, अटकेची गरज लेखी नोंदवावी लागते, हा अर्नेश कुमार खटल्यातला 2014 चा दंडक. अटक केलेल्याच्या नातेवाइकाला कळवायचे, अटकेचा पंचनामा करायचा, वैद्यकीय तपासणी करायची, हे डी. के. बसू खटल्यातले नियम. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करायची नाही, अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यायची. 1 जुलै 2024 पासून तर सगळा अभ्यासच बदलला. भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण बंधनकारक झाले. हद्द कुणाचीही असो, फिर्याद घ्यायची. मोबाइलमधला पुरावा जप्त केला तर त्याचे प्रमाणपत्र कसे लागते, हे आता शिपायालाही माहीत असावे लागते, कारण घटनास्थळी आधी पोचतो तो शिपाई, वरिष्ठ नंतर येतात.

हा पेपर ज्याने शेजाऱ्याचे बघून सोडवला तो नापास झाला असता तर पुन्हा शिकला असता. पास झाल्यामुळे तो तसाच ठाण्यात येतो. रात्री दोन वाजता एक बाई नवऱ्याविरुद्ध फिर्याद द्यायला येते आणि हा तिला दुसऱ्या हद्दीत पाठवतो. कुणाला दोन दिवस बसवून ठेवतो आणि स्टेशन डायरीत नोंद करत नाही. पुढे पंचनाम्यात वेळ चुकते, मुद्देमालावरचे सील चुकते, आणि चार वर्षांनी न्यायालयात खरा आरोपी सुटतो. निकालपत्रात लिहिले जाते की तपासात त्रुटी आहेत. ती त्रुटी कोणत्या वर्गात जन्मली, याचा शोध कुणीच घेत नाही.

हे काही फक्त आपल्याकडच्या ढिलाईचे प्रकरण नाही. अमेरिकेच्या एफबीआयने 2008 च्या अखेरीस आपल्या देशांतर्गत तपासाची नवी नियमावली केली. कुणावर, किती पुरावा असताना, कोणत्या थरापर्यंत पाळत ठेवता येते, याचे नियम त्यात होते. ते नियम एजंटांना कळले आहेत का, हे पाहण्यासाठी परीक्षा ठेवली. पुस्तक उघडे ठेवून द्यायची परीक्षा होती. बंधन एकच होते: दुसऱ्या माणसाची मदत घ्यायची नाही. आणि शेवटी ‘मी कुणाची मदत घेतली नाही’ हे उमेदवाराने स्वतःच प्रमाणित करायचे होते. न्याय खात्याच्या महानिरीक्षकाने 2010 मध्ये चारच कार्यालये तपासली, तर 22 जणांनी फसवणूक केल्याचे आढळले. त्यांत पर्यवेक्षक होते, कायदा सल्लागारही होते. पुस्तक समोर असताना त्यांनी कॉपी केली. म्हणजे परीक्षा अवघड नव्हती. ती वेळखाऊ आणि निरर्थक आहे, आपल्यासारख्या अनुभवी माणसाला हे नियम शिकवायचे कारण नाही, हा दिमाख होता. नागरिकावर किती नजर ठेवायची याची मर्यादा सांगणाऱ्या परीक्षेत नजर चुकवली गेली, आणि वर खोट्या प्रमाणनाने ती झाकली गेली. या दोन कृत्यांतले दुसरे कृत्य मला अधिक गंभीर वाटते.

कारण पोलीस हा व्यवसायाने साक्षीदार आहे. शिपायापासून निरीक्षकापर्यंत प्रत्येकाला कधी ना कधी पिंजऱ्यात उभे राहून ‘मी हे पाहिले, मी हे जप्त केले, यांनी हे माझ्यासमोर सांगितले’ असे शपथेवर बोलावे लागते. आणि कायद्याने त्याच्यावर आधीच अविश्वास दाखवला आहे. इंग्रजांनी 1872 मध्ये साक्षीपुरावा कायदा केला तेव्हा पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही, असे त्यांनी लिहून ठेवले. राज्यकर्ते परके होते, पण आपल्या पोलिसाला ते चांगले ओळखत होते. दीडशे वर्षांनी आपण नवा साक्ष अधिनियम केला आणि ती तरतूद तशीच ठेवली. तपासात पोलिसाने घेतलेल्या जबाबावर सांगणाऱ्याची सही घ्यायची नाही, हा नियमही टिकला. एखाद्या व्यवसायाविषयी कायद्यातच इतका उघड संशय लिहिलेला असेल, तर त्या व्यवसायात येणाऱ्याने पहिल्याच वर्षी केलेली लबाडी किरकोळ कशी मानायची?

अमेरिकेत यावर एक व्यवस्था तयार झाली आहे. 1963 च्या ब्रॅडी आणि 1972 च्या जिग्लिओ या खटल्यांतून तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी पक्षावर एक जबाबदारी टाकली: साक्षीदाराच्या विश्वासार्हतेला बाधा आणणारी माहिती आरोपीच्या वकिलाला द्यायची. त्यामुळे खोटे बोलल्याचे सिद्ध झालेला पोलीस सरकारी वकिलाला साक्षीदार म्हणून नकोसा होतो. त्याला साक्षीला उभे केले की बचाव पक्ष आधी त्याचे खोटे काढतो. साक्ष देता येत नाही असा पोलीस ठेवून काय करायचे, हा प्रश्न मग खात्यालाच पडतो. आपल्याकडे पोलिसाच्या सेवापुस्तकातला ठपका आरोपीच्या वकिलाला कळवण्याची अशी कोणतीही शिस्त नाही. त्यामुळे शिस्तभंगाची शिक्षा खात्याच्या चार भिंतींत राहते आणि साक्ष देताना तो माणूस पुन्हा कोरा असतो.

इथपर्यंत मी सरकारी वकिलासारखे बोललो. आता त्या मुलाची बाजू. तो पहाटे पाचच्या आधी उठतो. मैदानावर दोन-तीन तास घाम गाळतो, अंघोळ-नाष्टा उरकून वर्गात बसतो तेव्हा त्याचे डोळे मिटायला लागलेले असतात. समोर शिकवणारे अधिकारी कलमे वाचून दाखवतात. त्यातले मराठी असे की आधी मराठीचे मराठी करावे लागते. ‘दखलपात्र’, ‘परिवीक्षा’, ‘अभियोग’, ‘शमनीय’. शेतकऱ्याच्या, ऊसतोड्याच्या घरातल्या त्या मुलाने चार वर्षे पळण्यात घालवलेली असतात, लेखी भाग त्याने गाइडांमधून पाठ केलेला असतो. परीक्षेत त्याला विचारले जाते की अमुक कलम लिहा, तमुक व्याख्या द्या. म्हणजे पाठांतर. पाठांतराची परीक्षा घेतली की कॉपी होणारच. व्याख्या चिठ्ठीवर मावते. फिर्यादीचा गोंधळलेला, रडवेला, उलटसुलट जबाब ऐकून त्यातून योग्य कलम काढणे मात्र चिठ्ठीवर मावत नाही.

म्हणून परीक्षा बदला, हे पहिले सांगणे. एका निर्देशकाने फिर्यादी व्हावे, एकाने आरोपी, एकाने बघ्या. मुलाने फिर्याद लिहावी, पंचनामा करावा, सील लावावे. आरोपीला अटकेचे कारण तोंडी सांगावे. पुस्तक हाताशी ठेवायला हरकत नसावी; ठाण्यात पुस्तक असतेच. अशी परीक्षा घ्यायला वेळ लागतो, माणसे लागतात, आणि एका तुकडीत शेकडो मुले असली की हे काम खरोखरच जड जाते. तरी मैदानावर प्रत्येकाचा गोळीबार वेगवेगळा तपासायला वेळ मिळतो, तर फिर्याद लिहिता येते का हे पाहायला मिळू नये? आयुष्यभरात एकही गोळी न झाडता निवृत्त होणारे पोलीस हजारो आहेत. एकही जबाब न लिहिता निवृत्त होणारा क्वचितच सापडेल.

परीक्षा वाईट होती हे कॉपीचे कारण होऊ शकते, माफीपत्र नव्हे. जो कायदा निरर्थक वाटतो तो मोडायचा, हा हिशेब पोलिसाने एकदा शिकला की त्याला पुढे सगळेच कायदे वेळखाऊ वाटायला लागतात. एफबीआयच्या त्या माणसांचे नेमके तेच झाले होते.

मग शिक्षा कोणती? इथे आपल्या प्रशासनाची एक आवडती पळवाट आहे. प्रशिक्षणार्थी परिवीक्षेवर असतो. त्याच्याविरुद्ध चौकशी वगैरे न करता ‘सेवेत कायम ठेवण्यास योग्य नाही’ अशा एका ओळीच्या आदेशाने त्याला घरी पाठवता येते. काही सिद्ध करावे लागत नाही, खात्याची बदनामी होत नाही, आदेशात कलंक लावणारे शब्द नसल्यामुळे न्यायालयात आव्हान देणेही अवघड जाते. कडक शिस्तीच्या भक्तांना हा मार्ग फार आवडतो.

सर्वोच्च न्यायालयाने यावर 1984 मध्ये दिलेला अनूप जयस्वाल खटल्याचा निकाल प्रत्येक प्रशिक्षण केंद्राच्या प्राचार्यांनी वाचायला हवा. जयस्वाल हे हैदराबादच्या राष्ट्रीय पोलीस अकादमीतले आयपीएस प्रशिक्षणार्थी. 1981 च्या जूनमध्ये एका पावसाळी सकाळी प्रशिक्षणार्थी शारीरिक कसरतीला उशिरा पोचले. सगळ्यांकडून खुलासे मागवले गेले. उशीर अनेकांना झाला होता, पण म्होरके ठरवून जयस्वालांना सेवामुक्त केले गेले. आदेशात कारण नव्हते. साधी सेवामुक्ती होती. न्यायालयाने आदेशाच्या कोऱ्या शब्दांवर समाधान मानले नाही. त्यामागची खरी गोष्ट पाहिली आणि सांगितले की ही सेवामुक्ती नाही, गैरवर्तनाची शिक्षा आहे, आणि शिक्षा द्यायची तर राज्यघटनेच्या 311 व्या कलमाप्रमाणे चौकशी करून, म्हणणे ऐकून द्यावी लागेल. जयस्वालांना पुन्हा सेवेत घ्यायचा आदेश झाला.

हा निकाल प्रशिक्षणार्थींच्या हक्कांचा म्हणून वाचला जातो. मला तो पोलीस शिक्षणाचा वाटतो. बाजू ऐकून न घेता, कारण न लिहिता, एका सहीने माणसाला घालवता येते, हे ज्या तुकडीने आपल्या डोळ्यांनी पाहिले, त्या तुकडीला अटकेची कारणे लेखी द्यायची असतात हे कसे पटवणार? वर्गातल्या सगळ्या तासांपेक्षा तो एक आदेश त्यांना जास्त शिकवून जातो. कॉपी केलेल्या मुलाला काढायचे असेल तर जरूर काढा. पण आरोप लिहून, चिठ्ठी किंवा मोबाइल जप्त करून, पंचनामा करून, त्याचे म्हणणे घेऊन, कारणासहित काढा. सारी चौकशी आठ-पंधरा दिवसांत होऊ शकते. महिनोन्‌महिने चालणाऱ्या विभागीय चौकशीची इथे गरज नाही, कारण साक्षीदार सगळे त्याच आवारात आहेत.

मुकाट सेवामुक्तीचा आणखी एक तोटा आहे. काढून टाकणे आणि बडतर्फ करणे यांत सेवानियमांनी फरक केला आहे. बडतर्फ माणसाला साधारणपणे पुन्हा सरकारी नोकरी मिळत नाही. काढून टाकलेल्याला तशी बंदी नसते आणि साध्या सेवामुक्तीत तर डागच नसतो. म्हणजे एका जिल्ह्यात कॉपी करून गेलेला पुढच्या वर्षी दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात किंवा केंद्रीय दलात अर्ज करू शकतो आणि आधीच्या संस्थेने त्याच्याबद्दल एक अक्षरही लिहून ठेवलेले नसते. ब्रिटनने इंग्लंड आणि वेल्ससाठी 2017 मध्ये बडतर्फ पोलिसांची एक बंदी-यादी सुरू केली. यादीतल्या माणसाला दुसरे पोलीस दल घेऊ शकत नाही. आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्याची भरती वेगळी असताना अशा यादीची गरज जास्तच आहे.

प्रत्येक कॉपीला बडतर्फी असावी असे मात्र मला वाटत नाही. दुसऱ्याला आपल्या जागी बसवणे, आधी पेपर मिळवणे, पैसे देणे, कानात यंत्र घालणे, यांत तयारी लागते, साथीदार लागतात. हा माणूस उद्या खोटा पंचनामाही तयारीने करेल. त्याला बडतर्फ करायलाच हवे, वर गुन्हा दाखल व्हायला हवा, आणि त्याची परिस्थिती, गरिबी, आईचे दागिने गहाण ठेवले होते वगैरे ऐकू नये. ते दागिने गहाण ठेवणाऱ्या, पण पेपर विकत न घेणाऱ्या दुसऱ्या आया आहेत. ज्याने ऐन वेळी शेजाऱ्याच्या पेपरात पाहिले, पकडल्यावर लगेच कबूल केले आणि लिहून दिले, त्याला पुढच्या तुकडीत मागे टाकावे, सहा महिने पुन्हा शिकवावे, ज्येष्ठता जावी आणि सेवापुस्तकात नोंद राहावी. या दोघांच्या मधला जो आहे त्याच्यावर खरी कसोटी लागते: ज्याने छोटी कॉपी केली आणि चौकशीत ठाम खोटे बोलला. मी त्याला पहिल्याच्या रांगेत बसवेन. चिठ्ठी त्याची तयारी दाखवते; चौकशीतले खोटे तो साक्षीदार म्हणून कसा असेल हे दाखवते. खात्याला चिठ्ठीपेक्षा त्या खोट्याची किंमत पुढे कितीतरी जास्त पडणार आहे.

वय आणि अनुभव वाढला की हे आपोआप सुधारते असा एक समज आहे. 2017 च्या ऑक्टोबरमध्ये चेन्नईत एक आयपीएस अधिकारी, परिवीक्षेवर असताना, आयएएस होण्यासाठी यूपीएससीची मुख्य परीक्षा देताना ब्लूटूथसह पकडला गेला. त्याच्या अंगावर वर्दी आधीच होती. त्याला पकडणारेही पोलीसच होते, आणि त्यांच्या बाजूने हे सांगायला हवे की त्यांनी हात मागे घेतला नाही.

कॉपी एकट्याने होत नाही, हा भाग सगळ्यात अवघड आहे. ज्याने पेपर दाखवला तो, ज्याने पाहिले पण बोलला नाही तो, आणि ज्याने चिठ्ठी फिरवली तो, हे सगळे एकाच बराकीत झोपतात. मैदानावर एकाची चूक झाली की साऱ्या तुकडीला रगडा, ही शिस्त बाह्यवर्गात कदाचित उपयोगी असेल. एकमेकांना सांभाळायला शिकवते. परीक्षेत तीच पद्धत लावली की उलटे होते. सगळ्यांना शिक्षा होणार असेल तर सगळे गप्प बसतात, आणि सांगणारा फितूर ठरतो. हीच गप्पगिरी पुढे ठाण्यात येते. 2017 साली सांगलीत कोठडीतल्या एका तरुणाचा मृत्यू झाल्यावर तो पळून गेल्याचा बनाव केला गेला आणि मृतदेह आंबोलीच्या जंगलात नेऊन जाळला गेला, असा पोलिसांवरच आरोप झाला. असा बनाव एका माणसाला झेपत नाही. त्यासाठी आजूबाजूच्या अनेकांनी काही न पाहिल्यासारखे करावे लागते. न पाहिल्यासारखे करण्याचा सराव कुठेतरी आधी झालेला असतो.

म्हणून सामूहिक शिक्षा नको, आणि खरे सांगणाऱ्याला संरक्षण हवे. सगळी परीक्षाच सडली असेल तर ती रद्द करून पुन्हा घ्यावी. 1970 च्या बिहार शाळा परीक्षा मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तसे करताना प्रत्येकाला वेगळे ऐकण्याची गरज नाही असे मान्य केले होते. पण पुन्हा परीक्षा घेणे ही शिक्षा नव्हे. नोकरी घालवायची तर माणूस एकेक करूनच मोजायला हवा. राजस्थानच्या वादात प्रामाणिकपणे निवडून आल्याचे सांगणाऱ्यांचे म्हणणे हेच होते. दुसऱ्या नोकऱ्या सोडून काही जण त्या भरतीतून आले होते. डाग लागलेले आणि न लागलेले वेगळे काढता येतात की नाही, यावरच सगळा वाद फिरला. वेगळे काढणे कठीण झाले, कारण वेळीच काढले नव्हते. परीक्षा 2021 ची, मोठ्या प्रमाणात अटका 2024 च्या. दिरंगाईची किंमत निर्दोषांनी भरली.

आणि शिक्षा वर चढली पाहिजे. कर्नाटकात 545 उपनिरीक्षकांच्या भरतीत, ऑक्टोबर 2021 च्या परीक्षेत, उत्तरपत्रिकांमध्ये फेरफार झाल्याचे उघडकीला आले. परीक्षा रद्द झाली, आणि जुलै 2022 मध्ये अटक झाली ती भरती विभागाचे प्रमुखपद भूषवलेल्या अतिरिक्त पोलीस महासंचालकाला. इतक्या वरच्या अधिकाऱ्याच्या अटकेला जी हिंमत लागली, तिची प्रशिक्षण केंद्रात थोडीशीच गरज आहे: चिठ्ठी पाहून न पाहिल्यासारखे करणाऱ्या पर्यवेक्षकावर कारवाई, आपल्या केंद्राचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून प्रश्न आधी सांगणाऱ्या निर्देशकावर कारवाई. पोरगा तेवीस वर्षांचा आहे. त्याला शिकवणाऱ्याला वीस वर्षांची सेवा झालेली आहे. या दोघांनी मिळून एक लबाडी केली असेल तर वरच्याला ‘सक्त ताकीद’ आणि खालच्याला घर, हा न्याय नव्हे.

महाराष्ट्रात अधिकार आहेत. 1951 च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या 25 व्या कलमात आणि 1956 च्या शिक्षा व अपील नियमांत ठपक्यापासून बडतर्फीपर्यंत सगळ्या शिक्षा लिहिलेल्या आहेत. त्यांत प्रशिक्षण केंद्रातल्या कॉपीसाठी स्वतंत्र, छापील, सर्वांना पहिल्या दिवशी वाचून दाखवायची अशी शिक्षेची यादी जोडणे हे गृह विभागाच्या एका परिपत्रकाचे काम आहे. नवी तुकडी केंद्रात दाखल होण्याआधी ते निघावे. पर्यवेक्षकाचे नाव त्यात शिपायाच्या नावाच्या वर असावे.